पाचवी पायरी दिवाळीनंतर

डायलिसिसच्या हॉलमध्ये फासे टाकायला जागा नव्हती. माझा डावा हात दोन सुया टोचून खुर्चीच्या हातावर पट्टीनं बांधलेला असायचा. उजव्या हातानं फासा टाकला की तो मांडीवरून घसरून मशीनच्या चाकांत जायचा, आणि तो काढायला सिस्टरांना वाकावं लागायचं. तिसऱ्यांदा वाकल्यावर त्यांनी कपाटातून स्टीलचा एक किडनी ट्रे आणला आणि माझ्या पोटावर ठेवला. "ह्याच्यात टाका. आणि आवाज कमी करा," म्हणाल्या. त्या ट्रेला त्याच्या आकारावरून किडनी ट्रेच म्हणतात. शेजारच्या खुर्चीतल्या काकांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला.

मी बीडचाच. बाजारात वडिलांचं वह्या-पेनांचं दुकान आहे. घरात सकाळी कपाळाला विभूती लागते आणि मग दुकानाचं शटर वर जातं. मी ते सोडून पुण्याला गेलो, सहा वर्षं एका कंपनीत नोकरी केली आणि खोलीवरच्या मित्रांसोबत रविवारी हा खेळ शिकलो. कागद, पेन्सिल आणि फासे, एवढ्यावर चालणारा खेळ. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी जादूगार, कुणी लढवय्या, कुणी चोर. सांगणारा म्हणतो, गुहेच्या तोंडाशी आलात, आत काहीतरी घोरतंय, काय करता? ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की नाही ते फासा सांगतो. संकटातून निभावलं की गुण मिळतात, गुण साठले की तुमचा माणूस एक पायरी वर चढतो. मग अंगात जास्त बळ येतं, नवा मंत्र येतो, नवी विद्या येते.

गुण किती द्यायचे आणि पायरी कधी चढवायची, हे गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात. पुण्यातला आमचा सांगणारा ह्या बाबतीत फार कडक होता. दोन वर्षांत त्यानं मला सातव्या पायरीपर्यंतच येऊ दिलं. मी कुरकुर केली की म्हणायचा, "लवकर दिलं तर तुला त्याचं काही वाटणार नाही." मला ते पटलं होतं. सहावी पायरी चढलो त्या रविवारी मी कुणाला काही न सांगता सगळ्यांसाठी चहा केला होता.

तेहतिसाव्या वर्षी डोकं दुखायला लागलं. आधी चष्मा बदलून पाहिला. मग कुणीतरी बीपी तपासलं, मग रक्त तपासलं, आणि आठवड्याभरात मी मशीनवर होतो. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आईला साखर आहे, वडिलांना बीपी, त्यामुळं दोघांचंही मूत्रपिंड मला बसवता येत नाही. मूत्रपिंड मिळण्याच्या सरकारी यादीत नाव घातलं. पुण्याची खोली सोडली आणि एक सुटकेस आणि फाशांची पिशवी घेऊन घरी आलो.

मला दुसरी पाळी मिळाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेअकरा ते साडेतीन. ही पाळी शक्यतो खेड्यातल्या माणसांना देतात, सकाळच्या एसटीनं त्यांना पोचता येतं. मी गावातला असून मला ती मिळाली, कारण तेवढीच खुर्ची रिकामी होती. ती कशी रिकामी झाली हे मी पहिल्या दिवशी विचारलं. तसं विचारायचं नसतं, हे नंतर कळलं.

हॉलमध्ये माणसं एकमेकांना गावावरून ओळखतात. माझ्या डावीकडं तलवाड्याचे काका, उजवीकडं तेलगावच्या ताई. काका साठीचे, कापसाची शेती. साखरेनं मूत्रपिंडं गेलेली आणि पायाची तीन बोटंही. ताई चाळिशीच्या आतल्या. आजारी पडेपर्यंत नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. "माझ्यापायी त्यांचाबी कोयता अर्धा झाला," असं त्या सांगायच्या, जसं काही स्वतःच्या हातानं मोडला.

चार तास खुर्चीत काय करायचं हा सगळ्यांचाच प्रश्न. भिंतीवरचा टीव्ही बंद पडला होता. उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी मी कंटाळून पिशवीतले फासे काढले.

"ह्ये काय हाय? गोट्या?" काकांनी विचारलं.

मी खेळ समजावून सांगितला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी बसल्या जागी सोंगं घ्यायची."

"हो, तसंच."

"मग मला जादूगार कर. पर उडता आलं पायजे."

मी म्हणालो, उडण्याचा मंत्र पाचव्या पायरीवर मिळतो. पहिल्या पायरीवरचा जादूगार फार तर बोटावर दिवा लावतो.

"पाचवी कवा यील?"

"खेळाल तशी."

ताई नुसत्या ऐकत होत्या. जरा वेळानं मान न वळवताच म्हणाल्या, "मला चोर करा भाऊ. जल्मात कुणाचं काय चोरलं न्हाई. कसं वाटतं बघू."

असं आम्ही सुरू केलं. पहिल्या दिवशी ताईंनी एका सरदाराच्या तंबूतून चांदीचा गडू चोरला आणि पकडल्या गेल्या नाहीत. त्या दिवशी चार तास कसे गेले ते कुणालाच कळलं नाही.

एक सांगायला हवं. आम्हाला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी होत नाही, त्यामुळं प्यालेलं अंगात साचतं, आणि आल्या आल्या वजनकाट्यावर उभं राहिलं की सगळं उघडं पडतं. दोन पाळ्यांच्या मधे दोन किलोच्या वर वाढलं की सिस्टर सगळ्यांसमोर बोलायच्या. बीडचा उन्हाळा आणि दिवसाला तीन-चार पेले पाणी. खेळात कुठंही नदी आली, विहीर आली, झरा आला, की ताई थांबायच्या. "मी पानी पिते. पोटभर." त्याला फासा लागत नाही, असं मी सांगितलं होतं. काकाही मग म्हणायचे, "मीबी पितो." मग मी दोघांसाठी पाणी कसं आहे ते सांगायचो. गार आहे, तळाचे गोटे दिसतात, थोडं गोडसर आहे. गोष्ट तेवढी थांबायची.

पहिली पायरी मी लवकर ओलांडू दिली. नव्या माणसाच्या हाती सुरुवातीला चटकन काहीतरी लागावं लागतं, नाहीतर तो उठून जातो. इथं उठून जाता येत नाही, पण डोळे मिटून घेता येतात. तिसऱ्याच पाळीला दोघं दुसऱ्या पायरीवर आले. तिसरी तीन आठवड्यांनी दिली, चौथी त्यानंतर दीड महिन्यानं. पुढची पायरी दिसत राहिली पाहिजे पण हाताला लागता कामा नये, असा माझा हिशेब होता. वहीत मी दोघांचे गुण लिहायचो. काका आल्याबरोबर, सुया टोचायच्या आधी, ती वही मागून बघायचे.

आणि त्याचा एक परिणाम झाला. काका पूर्वी खाडे करायचे. पेरणी आली, पाहुणे आले, एसटी चुकली, काहीही कारण पुरायचं. खेळ सुरू झाल्यावर ते एकदाही चुकले नाहीत. हे सिस्टरांच्या लक्षात आलं. दसऱ्याच्या सुमारास मला मशीनला जोडता जोडता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या दिवाळीत काका दोन पाळ्या चुकले. चौथ्या दिवशी रिक्षात घालून आणले, छातीत पाणी भरलेलं. तुमचा तो उडायचा मंत्र कधी देणार आहात?"

"ह्याच महिन्यात होईल."

"नका देऊ. दिवाळीच्या पुढं ढकला."

मी तेच केलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. खरं तर मला अभिमान वाटला. पुण्यात जी गोष्ट खेळ रंगावा म्हणून शिकलो, तिनं इथं एक माणूस जिवंत राहतोय, असं मी घरी आईला सांगितलंसुद्धा.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी घाटात राक्षस आडवा आला. ताई झुडपात लपल्या. काका मात्र सरळ त्याच्यासमोर गेले आणि म्हणाले, "तू एवढा आरडायलास कावून? दुखतंय का काय?" मी असं काही ठरवलं नव्हतं, पण म्हणालो, फासा टाका. अठरा पडले. मग मी राक्षसाची दाढ दुखती केली. काकांनी ती दोरी बांधून काढली, राक्षस रडला आणि रस्ता सोडून बाजूला झाला. पलीकडच्या रांगेतले दोघं-तिघंही ऐकत होते, ते हसले. एवढ्या महिन्यांतला तो सगळ्यात चांगला प्रसंग होता. त्याचे ऐंशी गुण व्हायला हवे होते. ऐंशी दिले असते तर पुढच्याच पाळीला काका पाचव्या पायरीवर गेले असते. मी तीस दिले.

"तीसच?" काका म्हणाले. "आन् मारला असता तर?"

"ऐंशी."

"म्हंजी जीव घेतला तर ऐंशी आन् दाढ काढली तर तीस? कावून?"

"नियम आहे काका."

असा कुठलाही नियम नव्हता.  काका छताकडं बघत म्हणाले, "तू मुद्दाम लांबवायलास."

"मी कशाला लांबवू?"

"आमी यावं म्हनून." आणि हसले. "लांबव. येतो मी."

दिवाळीच्या आठवड्यात काका तिन्ही पाळ्यांना आले. पाडव्याला तर घरी जावई आलेले टाकून आले, आणि स्टीलच्या डब्यात आमच्यासाठी बिनमिठाच्या शंकरपाळ्या आणल्या. शुक्रवारी संपताना त्यांना चाळीस गुण कमी होते. मी म्हणालो, सोमवारी नक्की. दिवाळी संपली होती, आता धरून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. सिस्टरांनी त्यांच्या हातातल्या सुया काढल्या, त्यांनी कापसाचा बोळा दाबून धरला आणि दाराकडं जाता जाता मला म्हणाले, "सोमवारी वरून बघतो, तुझं बीड कसं दिसतंय ते."

शुक्रवार ते सोमवार हा आमचा मोठा खंड. मधे दोन दिवस मशीन नाही. रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि फार साचलं तर हृदय बंद पडतं. म्हणून फळं जपून खायची, काही तर खायचीच नाहीत. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडं सीताफळ, तेही त्यातलंच. सोमवारी साडेअकराला डावी खुर्ची रिकामी होती. बारा वाजता सिस्टरांनी फोन लावला. मुलानं उचलला. रविवारी दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. सकाळी दोन सीताफळं खाल्ली होती, म्हणे. त्याच्यामुळं झालं की आणखी कशामुळं, हे कुणी तपासलं नाही.

सिस्टर फोन ठेवून आल्या आणि आमच्या दोघांच्या मधे उभं राहून त्यांनी ते सांगितलं. मग काकांचं मशीन दुसऱ्या पेशंटसाठी धुवायला लावलं.

  ताईंनी विचारलं, "आता खेळात त्यांचा जादूगार कुठं गेला म्हनायचं?"

"एका गावात थांबला म्हणू. दमला होता."

"खोटं नका बोलू भाऊ. मेला म्हना."

मी म्हणालो, मेला. कितव्या पायरीवर, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. माझ्या वहीत काकांच्या पानावर तो शुक्रवारचा आकडा तसाच होता. चाळीस गुण म्हणजे काय? मी बसल्या जागी म्हटलं असतं की दिले, तर झाले असते. कुणाच्या खिशातून जात नव्हते. एका वाक्यात तो माणूस उडाला असता. घाटावरून, कापसाच्या रानावरून, कुठूनही. मी त्याला तीन आठवडे लोंबकळत ठेवला आणि वर त्याचा अभिमान बाळगला.  सिस्टरांनाही ते पुरेसं कळलेलं होतं.

त्याच दिवशी मी ताईंना न मागता पाचवी पायरी देऊन टाकली. बुधवारी सहावी. मग दर दोन पाळ्यांना एक. आता काही मागं ठेवायचं नाही, कुणाला सोमवारवर ढकलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. महिना-सव्वा महिन्यात ताईंची चोर अकराव्या पायरीवर गेली. ती भिंतीतून आरपार जायची, सावलीत विरघळायची, एका वारात चार-चार पहारेकरी लोळवायची.

त्याच दिवसांत काकांच्या खुर्चीत नेकनूरचा एक जण आला. सत्तावीस वर्षांचा. नेकनूर-बीड काळी-पिवळी जीप चालवायचा, अंगाला सूज आली तेव्हा गाडी भावाच्या हातात दिलेली. त्यानं दोन पाळ्या आमचं ऐकलं आणि म्हणाला, "भौ, मलाबी घ्या की."

आता त्याला कितव्या पायरीवर घ्यायचं? पहिल्या पायरीचा माणूस अकराव्या पायरीच्या लढाईत पहिल्याच फटक्याला मरणार. म्हणून मी त्याला एकदम दहाव्या पायरीचा लढवय्या करून दिला. कागद दोन्ही बाजूंनी भरला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

"ह्याच्यातलं मी काय काय करू शकतो?"

"सगळं."

"मग करू काय?"

मी गोष्ट सांगितली, सेनापती आला, हत्ती आले, त्यानं फासे टाकले आणि सगळे मारले. पुढच्या वेळी मी दुप्पट सैन्य आणलं, तेही मेलं. मी आकडे मोठे करत गेलो, आणि आकडे मोठे होण्यापलीकडं काही घडत नव्हतं. तिसऱ्या पाळीला त्यानं कानात इअरफोन घातले. मी विचारल्यावर एक काढला. "राग मानू नका भौ. ह्या गाडीला गेअरच टाकावा लागंना. नुसती पळायली." आणि इअरफोन परत घातला.

ताई माझ्या मनाला लागू नये म्हणून खेळत होत्या. तेही मला दिसत होतं. नदी आली तरी आता त्या थांबायच्या नाहीत. एका बुधवारी त्या म्हणाल्या, "भाऊ, एक बोलू का? ह्या बाईला कुणीच मारीना. भ्याच वाटंना मला. परत पयल्यापासून करू का आपन?"

मग आम्ही दोघांनीच परत पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. नवी चोर, हातात एक बोथट सुरी. हळूहळू गुण दिले, जसे काकांना द्यायचो तसे. दुसरी पायरी आली, तिसरी आली. तिसरीवर ताईंना जरा बरं वाटलं. एका कोठारात उंदरांशी लढताना त्या खरोखर घाबरल्या, इतक्या की त्यांचा बांधलेला हात हलला आणि सिस्टर धावत आल्या. त्या दिवशी त्या हसत घरी गेल्या.

चौथीचे गुण भरले तेव्हा मी तसं सांगितलं. ताई म्हणाल्या, "नको."

"नको म्हणजे?"

"तिसरीवरच ठिवा मला. वर गेलं की तुमी मोठं मोठं आनता मारायला. राक्षस आनता, हत्ती आनता. हितं उंदरं हायेत, कुत्री हायेत. एवढं मला आटपतंय."

मी त्यांना समजावलं की वर गेलं की बळही वाढतं, मग मोठं आलं तरी चालतं. त्या म्हणाल्या, "मग काय फरक पडला?"

  मी वहीत गुण लिहायचं बंद केलं.

थंडी संपता संपता ताईंच्या हातातली नस बंद पडली. आमची एक नस ऑपरेशन करून मोठी केलेली असते, तिच्यातच सुया टोचतात, आणि तिच्यावर कान ठेवला तर घरघर ऐकू येते. त्या दिवशी सिस्टरांनी कान लावला, तर घरघर नव्हती. मग मशीन जोडायला मानेत नळी घातली. नळीपाशी पू झाला, ताप यायला लागला. नवरा दिवाळीनंतरच भावाबरोबर तोडीला गेलेला, त्यामुळं त्या तेलगावहून एकट्याच एसटीनं यायच्या, मानेवर पदर घट्ट धरून, कारण नळीला धक्का लागला तर रक्त वाहतं. आधी बुधवार सुटला. मग शुक्रवार. सिस्टर फोन करून रागवायच्या, मग समजवायच्या, मग त्यांच्या सासूला समजवायच्या.

मी काय करणार होतो? माझ्याकडं पुढं धरायला काही उरलं नव्हतं. ज्या बाईला चौथी पायरीच नको, तिला कशाच्या ओढीनं बोलवायचं?

शेवटच्या सोमवारी त्या आल्या तेव्हा चेहरा सुजलेला होता. वजन पाच किलोनं वाढलेलं. सिस्टरांनी रागवायचं सोडून त्यांना हात धरून खुर्चीपर्यंत आणलं, त्यावरूनच मी समजलो. मी फासे काढले. ताई म्हणाल्या, "आज चोरी नको. नदीवर जाऊन बसू."

"बरं."

"पानी हाय का नदीला?"

"भरपूर आहे. गुडघ्याएवढं. पलीकडं वाळू आहे."

"मग मी पाय सोडून बसते."

मी बराच वेळ नदी सांगितली. मधे मधे त्यांचा डोळा लागायचा, परत उघडला की म्हणायच्या, "हां, सांगा." खंड्या आला, मासा घेऊन गेला. कुणीतरी गोधड्या धुवायला आलं. बीपी खाली गेलं म्हणून त्यांची पाळी तासभर आधीच थांबवली. जाताना त्या "येते भाऊ" म्हणाल्या, रोज म्हणायच्या तशाच.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. सिस्टरांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ताईच बोलल्या आणि म्हणाल्या, "थकले मी आता." दुसऱ्यांदा सासू बोलल्या.

महिन्याभरानं त्यांचा नवरा मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांचे इथले कागद न्यायला आला. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. उन्हानं काळवंडलेला, टोपी हातात. सिस्टर आत फाईल शोधत होत्या तोवर त्यानं विचारलं, तिची खुर्ची कोणती. मी दाखवली. नव्या पेशंटचं बाहेर नाव नोंदवणं चाललं होतं, खुर्ची मोकळी होती. तो तिच्या कडेला बसला, पाठ न टेकता.

"ती सांगायची, हितं एक भाऊ हायेत, गोष्टी सांगत्यात," तो म्हणाला. "तुमीच का?"

"हो."

"कसल्या गोष्टी?"

मी सांगायचा प्रयत्न केला. फासे, चोर, पायऱ्या. माझ्याच तोंडून ते ऐकताना मला कसंतरी झालं. त्यानं नीट ऐकलं, मधे एकदाही हसला नाही.

"मग ती कितव्या पायरीवर होती?"

"तिसऱ्या."

"म्हंजी कमी का जास्ती?"

"कमी," मी म्हणालो. "पण चौथी नको म्हणाल्या. त्यांनीच तसं ठेवलं होतं."

न कळलेल्या गोष्टीला माणूस मान हलवतो तशी त्यानं मान हलवली. सिस्टरांनी फाईल आणून दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, उठला, टोपी घातली आणि तेलगावची एसटी कितीला आहे हे मला विचारलं. मला माहीत नव्हतं. तो गेल्यावर त्या खुर्चीवर नव्या पेशंटला बसवलं, केजकडचे कुणीतरी होते. त्यांच्या बरोबरच्या माणसानं मला विचारलं, इथं टीव्ही लागतो का? मी म्हणालो, नाही. माझे अजून दोन तास दहा मिनिटं बाकी होते.